इंग्रजीतले जुळे शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले म्हणजे स्त्रीजीवन, बालसंगोपन किंवा आहार यांपैकी एखादा विषय जवळजवळ ठरलेलाच असतो. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला आणि मी "इंग्रजी शब्द" असे उत्तर दिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी उमटली. हळदीकुंकवाच्या दिवशी व्याकरणाचा तास कोण ऐकणार, अशी ती काळजी असावी. ती रास्त होती. पण मी येथे तास घ्यायला उभी नाही. फळा आणलेला नाही आणि शेवटी परीक्षाही नाही.

एक काळ असा होता की बाईने इंग्रजी शिकावे हीच घरात वादाची गोष्ट होती. माधवराव रानड्यांनी रमाबाईंना इंग्रजी शिकवायला घेतले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. रमाबाईंनी स्वतःच आपल्या आठवणींत ते लिहून ठेवले आहे. आता प्रश्न उलटा झाला आहे. आपण इंग्रजी शिकायला गेलो नाही, तरी इंग्रजी आपल्या घरी येऊन बसते. औषधाच्या पट्टीवरून येते, बँकेच्या पासबुकातून येते, गॅसच्या पावतीवरून येते, नातवाच्या शाळेच्या चिठ्ठीतून येते. आलेल्या पाहुण्याचे नाव नीट ठाऊक नसेल तर पंचाईत होते, आणि या पाहुण्यांत कित्येक तर जुळे आहेत. चेहरा एकसारखा, स्वभाव अगदी निराळा. त्यांच्यापैकी ज्यांच्याशी आपला रोजचा संबंध येतो, तेवढ्यांचीच ओळख मी आज करून देणार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपली देवनागरी कानाने चालते, इंग्रजी लेखन डोळ्याने चालते. त्यामुळे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की त्याचे मूळचे कपडे उतरतात आणि दोन निराळ्या माणसांचे एकच माणूस होते. "सेल" हा शब्द पाहा. साड्यांचा सेल लागतो, भिंतीवरच्या घड्याळातला सेल संपतो, आणि रक्ताच्या तपासणीच्या कागदावर तांबड्या व पांढऱ्या सेलचे आकडे येतात. साड्यांचा सेल इंग्रजीत एस ने लिहितात आणि त्याचा उच्चार थोडा लांबवतात. घड्याळातला आणि रक्तातला सेल सी ने लिहितात. आपण तिघांना एकाच पाटावर बसवले. "बर्थ" तसाच. जन्माच्या दाखल्यातला बर्थ आय ने, आगगाडीतला निजायचा बर्थ ई ने. "मेल" हा तर मौजेचा. मुंबईहून सुटणारी मेल म्हणजे टपाल नेणारी गाडी, आणि इस्पितळातला मेल वॉर्ड म्हणजे पुरुषांचा कक्ष. त्या वॉर्डाचा टपालाशी काही संबंध नाही.

याच्या उलटही घडते. इंग्रजीत एल-ई-ए-डी ही चार अक्षरे "लीड" म्हणून वाचली तर पुढे नेणे, आणि "लेड" म्हणून वाचली तर शिसे. आपल्या मंडळाच्या सभेचे इतिवृत्त ज्याला म्हणतात ते मिनिट्स, घड्याळातली मिनिटे आणि अतिसूक्ष्म या अर्थाचा "मायन्यूट" या सर्वांचे इंग्रजी लेखन एकच. तेथे देवनागरी फरक दाखवते आणि रोमन लिपी तो लपवते. तेव्हा कोणती लिपी श्रेष्ठ या वादात मी पडत नाही. प्रत्येकीचे आपापले डोळे आणि आपापले कान आहेत.

आपल्याकडे असे शब्द नाहीत असेही नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब; शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी; पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे आपण पितो ते. शाळेत हे सगळे घोकलेले असते. आणि "ध चा मा" तर आपल्या बोलण्यातच रुजला आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. "धरावे" या शब्दातला ध पुसून आनंदीबाईंनी मा केला, असे परंपरेने सांगतात. खुनाच्या कटात कोणकोण होते याची चर्चा इतिहासकार अजून करतात, पण आपल्या म्हणीत मात्र सगळे खापर एका बाईच्या बोरूवर फुटलेले आहे. असो.

आता बँकेत जाऊ. आपल्यातल्या पुष्कळ जणींना आज ना उद्या तेथल्या खिडकीशी एकटीने उभे राहावे लागते, म्हणून येथे मी थोडी रेंगाळणार आहे.

कर्जाच्या हप्त्याच्या उताऱ्यात "प्रिन्सिपल" असा एक रकाना असतो. महाविद्यालयाचे प्राचार्य तेही प्रिन्सिपल, आणि एखाद्याचे तत्त्व तेही प्रिन्सिपल. देवनागरीत तिघे एक. इंग्रजीत मात्र प्राचार्य आणि हा बँकेतला शब्द यांच्या शेवटी ए-एल येते, आणि तत्त्वाच्या शेवटी एल-ई. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ "पहिला". अध्यापकांत जो पहिला तो प्राचार्य. पैशांत जो पहिला, म्हणजे आधी दिलेला किंवा घेतलेला, तो पैसा म्हणजे मुद्दल. बँकेच्या कागदावरचा प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, एवढे लक्षात ठेवले तर उतारा बोलू लागतो. घराचे कर्ज वीस वर्षांचे असले तर पहिल्या काही वर्षांत हप्त्यातला मोठा वाटा व्याजात जातो आणि मुद्दल मुंगीच्या पावलाने कमी होते. हप्ता तर दर महिन्याला भरतो, मग कर्ज हलत का नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी तोच रकाना पाहावा.

दुसरी जोडी ठेवीच्या फॉर्मवर भेटते. दोघांच्या नावाने ठेव ठेवताना तेथे "आयदर ऑर सर्व्हायव्हर" किंवा "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" यांपैकी एकावर खूण करायची असते. शेवटचे दोन शब्द एकच असल्यामुळे पुष्कळांना वाटते की दोन्हींचा अर्थ एकच. आमच्या ओळखीच्या एक बाई तर फॉर्मर म्हणजे शेतकरी समजून चालल्या होत्या. सातबारा असलेल्यांसाठी काही निराळी सवलत असेल, असा त्यांचा तर्क! शेतकरी म्हणजे "फार्मर", तेथे ए आहे. "फॉर्मर" मध्ये ओ आहे आणि त्याचा अर्थ आधीचा, म्हणजे कागदावर ज्याचे नाव पहिले लिहिले आहे तो. "आयदर" म्हणजे दोघांपैकी कोणीही. आयदर असेल तर सहसा दोघांपैकी कोणाच्याही सहीने व्यवहार होतो. फॉर्मर असेल तर पहिले नाव ज्याचे तो हयात असेपर्यंत त्याचीच सही चालते. दुसऱ्याचा अधिकार त्याच्या पश्चात सुरू होतो. आता आपल्याकडे पहिले नाव बहुधा कोणाचे असते हे मी सांगायला नको. यजमान दवाखान्यात निजलेले आहेत, सही करण्याच्या अवस्थेत नाहीत, आणि इस्पितळाची अनामत भरायची आहे, अशा दिवशी या एका शब्दाने बाई आपल्याच पैशांपुढे हात जोडून उभी राहते. घरी जाऊन आपली ठेवीची पावती काढा आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचा. एवढे एक काम आजच्या व्याख्यानातून झाले तरी माझा येण्याचा हेतू सफल झाला.

तिसरा शब्द ऐकायला बरा नाही, पण टाळून चालत नाही. "डिसीस्ड" म्हणजे मृत, आणि "डिसीझ्ड" म्हणजे रोगग्रस्त. बँकेच्या वारसाच्या अर्जावर, विम्याच्या कागदावर, निवृत्तिवेतनाच्या पत्रात पहिला शब्द येतो. नवऱ्याच्या नावापुढे तो पाहून "हे आजारी नव्हते हो, एकाएकी गेले" असे सांगणारी बाई मी स्वतः पाहिली आहे. तिला हसण्यासारखे त्यात काही नाही. या दोन शब्दांची उकल केली तर ते कायमचे वेगळे होतात. "ईझ" म्हणजे आराम, स्वस्थता. तिच्यापुढे नकार लावला की "डिसीझ", म्हणजे अस्वस्थता. आपणही प्रकृती बिघडली की "अस्वस्थ" म्हणतोच. दुसरा शब्द "निघून जाणे" या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. आपण "वारले" म्हणत नाही तेव्हा "निवर्तले" किंवा नुसते "गेले" म्हणतो, तसाच तो. मरण हा शब्द तोंडाने उच्चारायचा नाही, ही रीत तिकडेही आहे आणि इकडेही.

विम्याच्या कागदावर आणखी एक गंमत आहे. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर "सम अॅश्युअर्ड" असते आणि आजारपणाच्या किंवा गाडीच्या विम्यावर "सम इन्शुअर्ड". जुना संकेत असा की जी गोष्ट घडणारच तिच्यासाठी अॅश्युअरन्स आणि जी घडेल किंवा न घडेल तिच्यासाठी इन्शुअरन्स. गाडीला अपघात होईलच असे नाही. मरण मात्र कोणाला चुकले नाही. १९५६ साली स्थापन झालेल्या आपल्या आयुर्विमा महामंडळाच्या इंग्रजी नावात इन्शुअरन्स आहे आणि त्याच्या पॉलिसीवर अॅश्युअर्ड, हा घोळ मी सोडवीत बसत नाही. तिसरा भाऊ "एन्शुअर", म्हणजे खात्री करून घेणे. त्याला हप्ता भरावा लागत नाही.

फॉर्म भरताना आणखी दोन ठिकाणी अडखळायला होते. विवाहित की अविवाहित हे जेथे विचारतात ते "मॅरिटल स्टेटस". त्यातली आय आणि टी यांची अदलाबदल झाली की "मार्शल स्टेटस" होते, म्हणजे युद्धस्थिती. छापील कागदांवरसुद्धा ही अदलाबदल झालेली मी पाहिली आहे, आणि काही घरांच्या बाबतीत ती चूक की वस्तुस्थिती हे सांगणे कठीण. (येथे आपण हसलात हे बरे झाले, पुढचा भाग गंभीर आहे.)

"एलिजिबल" म्हणजे पात्र. "इलेजिबल" म्हणजे न वाचता येणारे. "इलीगल" म्हणजे बेकायदा. एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. जोडलेल्या दाखल्याची प्रत पुसट होती, म्हणून कचेरीतल्या कोणी तरी त्यावर मधला शब्द लिहिला होता. आईने तो पहिला शब्द म्हणून वाचला. मुलगी पात्र ठरली असे समजून घरात पेढे वाटले गेले, आणि नवी प्रत पाठवायची मुदत त्या पेढ्यांबरोबरच संपली. मुलगी हुशार होती, पुढे आपल्या हिमतीवर शिकली. पण ती दोन वर्षांची फी त्या माउलीने शिवणाच्या यंत्रावर बसून भरली. पात्र या शब्दाच्या आरंभी ई आहे आणि एल एकच. नकाराच्या दोन्ही शब्दांच्या आरंभी आय आणि मग जोड-एल. इंग्रजीत आय आणि पुढे जोड-एल दिसला की बहुधा "नाही" असे समजावे.

पण हा नियम सरसकट लावू नका बरे. इंग्रजी भाषा नियम देते आणि मग त्यातून पळवाट काढते. रस्त्याने पेट्रोलचा टँकर जातो, त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत "हायली इन्फ्लेमेबल" असे लिहिलेले असते. आरंभीचा "इन" पाहून एखादा म्हणेल की "फ्लेमेबल" म्हणजे पेट घेणारे, तर इन्फ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारे. तसे मुळीच नाही! दोन्हींचा अर्थ एकच, भडकन पेट घेणारे. येथला "इन" नकाराचा नाही. "आत आग लावणे" या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो आला आहे. सांध्याला सूज येऊन आग होते तिला डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात, तोच हा शब्द. या घोटाळ्यापायी माणसे दगावतील हे जाणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेच्या संस्थांनी नुसता "फ्लेमेबल" हा शब्द वापरायला सुरुवात केली. आपल्या टँकरवर मात्र अजून जुना शब्द सर्रास दिसतो. फवारण्याच्या डब्या, नखांचा रंग पुसण्याचे द्रावण, फरशी पुसायचे काही अर्क यांच्यावर दोहोंपैकी कोणताही शब्द दिसला तरी ती वस्तू शेगडीपासून दूर ठेवावी.

आणि या बाबतीत इंग्रजीला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या "अमूल्य" या शब्दाकडे पाहा. अ म्हणजे नाही. मग ज्याला मूल्य नाही ते अमूल्य, म्हणजे फुकटचे? नाही. ज्याचे मूल्य करता येत नाही इतके मोलाचे, ते अमूल्य. इंग्रजीतला "इन्व्हॅल्युएबल" हुबेहूब तसाच. कोणी तुमच्या कामाला इन्व्हॅल्युएबल म्हटले तर रागावू नका. "व्हॅल्यूलेस" म्हटले तर जरूर रागवा.

आता दवाखाना. सारखेपणाची खरी किंमत येथे मोजावी लागते.

"हायपर" आणि "हायपो" ही दोन ग्रीक उपपदे. हायपर म्हणजे वर, अधिक. हायपो म्हणजे खाली, कमी. हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब वाढलेला, हायपोटेन्शन म्हणजे उतरलेला. आपल्याला ही जोडी पाठ करण्याची गरजच नाही, कारण ती आपल्या घरातली आहे. ग्रीक हायपर आणि संस्कृत "उपरि" ही एकाच मुळाची भावंडे, आणि त्या उपरिपासूनच आपला मराठी "वर" आला. ग्रीक हायपो आणि संस्कृत "उप" हीही तशीच भावंडे. उपाध्यक्ष, उपनदी यांतला उप. तेव्हा हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे उप. एवढ्यानेही घोटाळा होत असेल तर हायपोच्या शेवटचा ओ हा ओहोटीचा ओ समजा.

मधुमेहाच्या घरात तर हे फार जपावे लागते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर ती बहुधा साखरेची ओहोटी असते, हायपोग्लायसेमिया. अशा वेळी शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यायचा असतो. हायपर म्हणजे साखर चढलेली, तेथे साखर देणे म्हणजे आगीत तेल. फोनवरून डॉक्टरांशी किंवा परगावच्या मुलाशी बोलताना नुसते हायपर-हायपो म्हणू नये. "साखर कमी झाली आहे, आकडा इतका आहे" असे स्वच्छ मराठीत सांगावे. शब्दाचा शेवट फोनच्या खरखरीत जातो. आकडा सहसा जात नाही.

थायरॉइडची गोष्ट आणखी फिरकी घेणारी. आपल्यापैकी किती जणी सकाळी उपाशीपोटी ती बारीकशी गोळी घेतात ते मी विचारीत नाही, पण माना डोलताना दिसत आहेत. डॉक्टर म्हणतात हायपोथायरॉइड, म्हणजे ग्रंथीचे काम कमी. आणि तपासणीच्या कागदावर टीएसएचचा आकडा मात्र वाढलेला! मग बाई म्हणते, आकडा वर आहे, तर मला हायपर असणार. खुलासा असा : टीएसएच हा गळ्यातल्या ग्रंथीचा रस नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी गळ्यातल्या ग्रंथीला "काम कर" असा जो हुकूम धाडते, तो टीएसएच. गडी सुस्त असला की मुकादमाचा आवाज चढतो. काम कमी म्हणून हुकूम जास्त. गडी फाजील काम करू लागला, म्हणजे हायपर झाला, की मुकादम गप्प बसतो आणि आकडा उतरतो. कमी-अधिकाचा शब्द गड्याबद्दल असतो, आकडा मुकादमाचा असतो.

आता औषधांची नावे. हीही इंग्रजी शब्दच, फक्त कोशात न सापडणारे. "लॅसिक्स" हे लघवी वाढवून अंगावरची सूज उतरवणारे औषध पुष्कळ घरांत ठाऊक आहे; त्याचा परिणाम सहा तास टिकतो म्हणून हे नाव, असे सांगतात. पुढे पोटातल्या आम्लावर एक औषध निघाले, त्याचे नाव ठेवले "लोसेक". डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लॅसिक्स आणि लोसेक लिहून पाहा, काय फरक उरतो? अमेरिकेत यातून घोटाळे झाले, आणि १९९० साली तेथे लोसेकचे नाव बदलून "प्रायलोसेक" करण्यात आले. झाले, मिटले असे वाटते ना? पुढे प्रायलोसेक आणि "प्रोझॅक" यांची गल्लत होऊ लागली. प्रोझॅक हे मन खचलेल्या माणसाला देण्याचे औषध. एका शेजाऱ्याशी भांडण नको म्हणून घर बदलावे आणि नव्या घरी दुसरा शेजारी वाट पाहत असावा, तसे झाले.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ साली यावर एक युक्ती काढली. जुळ्या नावांतला जो भाग निराळा आहे तेवढाच मोठ्या लिपीत छापायचा, बाकीचा लहान लिपीत. "हायड्रॅलझीन" हे रक्तदाबाचे औषध आणि "हायड्रॉक्सिझीन" हे खाजेवरचे. दोन्हींचे डोके आणि शेपूट सारखे, मधले पोट निराळे. ते पोट मोठ्या अक्षरांत छापले की डोळा तेथे थबकतो. युक्ती सुरेख आहे. मात्र आपल्या देवनागरीला मोठी लिपी आणि लहान लिपी हा भेदच नाही, त्यामुळे ती आपल्या उपयोगाची नाही. आपल्याला घरच्या डब्यावर मराठीत "दाब", "साखर", "खाज" असेच लिहून चिकटवावे लागते, आणि मला विचाराल तर ते त्या युक्तीहून सरस आहे.

आपल्या देशातही हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन औषध कंपन्यांनी मलेरियाच्या एका घातक प्रकारावर औषधे काढली. त्या मलेरियाच्या जंतूचे शास्त्रीय नाव फॅल्सिपेरम. त्यावरून एकीने नाव ठेवले "फॅल्सिगो" आणि दुसरीने "फॅल्सिटॅब". २००१ साली न्यायालयाने असे म्हटले की साबण-तेलाच्या नावात गोंधळ झाला तर गैरसोय होईल, औषधाच्या नावात झाला तर जीव जाईल, म्हणून औषधांच्या नावांना अधिक कडक कसोटी लावली पाहिजे. या देशात एकच सर्वांची भाषा नाही आणि इंग्रजी जाणणारे थोडे, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले. मला तो निकाल फार आवडतो तो यासाठी. इंग्रजी नीट न येणारी बाई हा त्यात कोणाचा दोष मानलेला नाही. ती या देशातली साधी वस्तुस्थिती आहे आणि नाव ठेवणाऱ्याने तिचा विचार करावा, असा त्याचा रोख आहे. पुढे २०१६ साली त्या वेळच्या भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा नियमच केला. तेव्हा अक्षर लागले नाही तर "डॉक्टर, हे नाव जरा मोठ्या लिपीत लिहून द्याल का?" असे विचारायला संकोच करू नका.

फार गंभीर झाले. दोन-चार हलक्या जोड्या घेऊन आटोपते घेते.

संगणकात शुद्धलेखन तपासण्याची सोय असते, मग हे सगळे लक्षात कशाला ठेवायचे, असे माझा भाचा म्हणतो. ती सोय चुकीचे लेखन बरेचसे पकडते, चुकीच्या जागी बसलेला बरोबर शब्द पुष्कळदा सोडून देते. "डेअरी" आणि "डायरी" दोन्ही बरोबर. एका दुकानाच्या पाटीवर दुधाची डायरी आहे आणि रोज तिच्याखालून शेकडो लोक दूध घेऊन जातात. दूध चांगले आहे. डायरी हा शब्द दिवस या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला, रोजनिशी. डेअरीची कूळकथा मात्र आपल्या मंडळात सांगण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत कणीक मळणाऱ्या बाईला एक शब्द होता, त्याचा अर्थ पुढे घरकाम करणारी, मग दूधदुभते पाहणारी असा झाला, आणि तिची कामाची जागा ती डेअरी. तोच शब्द आणखी एका शब्दाच्या पोटात दडला आहे. तो शब्द "लेडी". लेडी म्हणजे मुळात पाव मळणारी. आणि "लॉर्ड" म्हणजे पावाचा राखणदार. म्हणजे तिने मळायचे आणि त्याने राखायचे. वाटणी जुनीच दिसते.

"स्टेशनरी" चेही तसेच. ए-आर असेल तर एका जागी स्थिर असलेली वस्तू, ई-आर असेल तर वह्या-कागद. मध्ययुगात बहुतेक विक्रेते गावोगाव हिंडत. विद्यापीठांच्या गावी मात्र पुस्तकवाले एका जागी दुकान मांडून बसत. स्थिर बसणारा म्हणून तो स्टेशनर, आणि त्याच्याकडे मिळते ते सामान स्टेशनरी. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ सालीच स्थापन झाला. "पेपर" च्या शेवटी ई-आर आहे, तेव्हा कागदाची ती ई-आर वाली, ही खूण पुरे.

पुढच्या महिन्यात रांगोळीची स्पर्धा आहे, म्हणून एक जोडी परीक्षकांसाठी. परीक्षक "डिसइंटरेस्टेड" असावा, "अनइंटरेस्टेड" असू नये. पहिला म्हणजे ज्याचा कोणाच्या जिंकण्यात स्वार्थ नाही असा. दुसरा म्हणजे ज्याला रांगोळीतच गोडी नाही असा. आपल्या "उदासीन" या एकाच शब्दाला दोन्ही अर्थांचा भार वाहावा लागतो, कारण संस्कृतात तो तटस्थ होता आणि मराठीत येऊन कंटाळलेला झाला.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत आणि मागे बशा मांडल्याचा आवाज येतो आहे, म्हणून शेवटची जोडी. एक एस आणि "डे" वर जोर दिला तर "डेझर्ट", वाळवंट. दोन एस आणि शेवटावर जोर दिला तर "डिझर्ट", जेवणानंतरचा गोड पदार्थ. फ्रेंच भाषेत ताटे उचलून पाट मोकळा करणे या अर्थाचे क्रियापद आहे, त्यापासून हा शब्द निघाला. ताटे उचलल्यावर जे येते ते. आपल्याकडे गोड पहिल्या वाढपातच येते आणि ताटे उचलल्यावर विडा येतो, तेव्हा शब्दाच्या हिशेबाने आपला खरा डिझर्ट विडाच म्हणायला हवा. आज मात्र जेवण नाही, ताटे नाहीत, एकदम बशाच आहेत, आणि त्यांत काय आहे ते मला वासावरून कळले आहे. मी थांबते.